अँबियंट म्हणजे मॉलमधलं संगीत नव्हे

सीवूड्स स्टेशनवर उतरून मॉलमध्ये शिरलं की छतातून काय वाजतं, हे सगळ्यांना पाठ आहे. ओळखीच्या गाण्याची चाल, शब्द काढलेले, खाली गुळगुळीत ठेका. अमेरिकेतल्या म्यूझॅक कंपनीने तर १५ मिनिटांच्या तुकड्यात जोर हळूहळू चढवत न्यायचा, अशी पद्धतच बसवली होती, कामावरच्या माणसाने पेंगू नये म्हणून. त्याबद्दल एवढंच पुरे.

यालाच कुणी अँबियंट म्हटलं की डोकं फिरतं. अँबियंट म्हणजे हळू आवाजात लावायचं, खोलीतल्या आवाजांत मिसळून जाणारं संगीत. बासरी, धबधबा आणि 'आठ तास गाढ झोप' असलं मथळ्याचं प्रकरणही त्यात मोडत नाही. नुसता पावसाचा आवाज हा पावसाचा आवाज असतो, इतकंच.

मग फरक काय? 'अँबियंटला ठेका नसतो' हे उत्तर अर्धवट आहे, कारण ठेका असलेलं अँबियंटही भरपूर आहे. गोम आहे ती चालीत. चाल असली की कान पुढच्या सुराची वाट बघतो, आणि मध्येच कुकरची शिट्टी झाली की ती वाट मोडते. म्हणून मॉलवाल्यांना आवाज इतका ठेवावा लागतो की बाकीची गडबड त्याखाली झाकली जाईल. ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनोने १९७८च्या 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' या अल्बममध्ये नेमकं ते वाट बघणंच काढून टाकलं. त्यातल्या एका तुकड्यात गायलेले सुटे सूर वेगवेगळ्या लांबीच्या टेपवर फिरतात: एक साधारण साडेतेवीस सेकंदांनी परततो, दुसरा सव्वीसच्या आसपास, तिसरा तिसाच्या. लांबी जुळत नाही, त्यामुळे तीच जुळणी पुन्हा ऐकू येत नाही. कानाला धरून ठेवायला काही नाही, आणि शिट्टीने मोडायलाही काही नाही. खिडकीतला कोकीळ, वरच्या मजल्यावर सरकलेली खुर्ची, सगळं त्यात मुरतं.

लोक नेमके इथेच चुकतात: आवाज मोठा करतात. घरी ऐकताना पंखा चालू ठेवा, आवाज शून्यापासून वाढवा, सूर जेमतेम कळायला लागले की थांबा. मग एक पायरी खाली. स्पीकर तोंडासमोर नको, भिंतीकडे वळवून कोपऱ्यात ठेवा, म्हणजे आवाज एका बिंदूतून आल्यासारखा वाटत नाही. बेस बूस्ट बंद, नाहीतर लांब खर्जाचे सूर घुमतात. नॉइज कॅन्सलिंगचे हेडफोन घरात नकोतच. खोलीचा आवाज कापलात तर मग उरलं काय? शफल आणि मधल्या जाहिराती तर आधी बंद करा.

ठाणे-वाशी लोकलमध्ये मात्र हे जमत नाही. डब्याच्या घरघरीत खालचे सूर बुडतात, माणूस आवाज चढवतो, आणि झालं त्याचं मॉलचं संगीत. ऐरोली ते तुर्भे सरळ गाणी ऐका.

सुरुवात ईनोपेक्षा जपानी संगीतकार हिरोशी योशिमुरापासून केलेली बरी. 'म्युझिक फॉर नाइन पोस्टकार्ड्स', १९८२. कीबोर्डचे मोजके सूर, मध्ये भरपूर मोकळी जागा. त्याने ते टोकियोतल्या हारा संग्रहालयात वाजवण्यासाठी दिलं होतं, पण घणसोलीच्या वन-बीएचकेतही दुपारी तीनच्या सुमाराला, रस्ता जरा थंडावला की, नीट बसतं. संध्याकाळी सहानंतर हॉर्न सुरू झाले की लावू नका.