सिंगिन इन द रेन

मूकपटांचा जमाना सरून बोलपट सुरू होतानाच्या धांदलीवर बेतलेला अमेरिकन संगीतप्रधान विनोदी चित्रपट. मेट्रो-गोल्डविन-मेयर (एमजीएम) या कंपनीने तो 1952 मध्ये प्रदर्शित केला. दिग्दर्शन जीन केली व स्टॅन्ली डोनन यांचे, पटकथा बेटी कॉम्डेन व अ‍ॅडॉल्फ ग्रीन यांची आणि निर्मिती आर्थर फ्रीड यांची असून लांबी 103 मिनिटे आहे. केली यांच्याबरोबर डेबी रेनल्ड्स, डॉनल्ड ओकॉनर आणि जीन हेगन यांच्या प्रमुख भूमिका आहेत.

या चित्रपटात गाणी आधी आली आणि कथा मागाहून. निर्माते होण्यापूर्वी फ्रीड गीतकार होते. संगीतकार नासियो हर्ब ब्राउन यांच्या जोडीने त्यांनी पूर्वी केलेली गाणी एका कथेत ओवायची, एवढेच काम लेखकद्वयाकडे आले होते. शीर्षकगीतसुद्धा 1929 सालच्या चित्रपटातले. गाणी ज्या काळात जन्मली तोच काळ कथेसाठी घ्यावा, असे लेखकांनी ठरवले आणि निम्मी लढाई तिथेच जिंकली. कारण एरवी भाबडी व जुनाट वाटली असती अशी ही गाणी 1927 च्या वातावरणात आपल्या घरी असल्यासारखी वावरतात. नव्याने रचलेली गाणी दोनच. त्यांपैकी ‘मेक देम लाफ’मध्ये ओकॉनर यांनी धडपडत, आपटत, भिंतीवर धावत जाऊन कोलांट्या मारत जी धमाल उडवली आहे तिला तोड नाही, चाल मात्र कोल पोर्टर यांच्या 1948 मधील ‘बी अ क्लाउन’ या गाण्याशी इतकी मिळतीजुळती आहे की तिला उसनवारीच म्हणावे लागते.

मूकपटांची लाडकी जोडी डॉन लॉकवुड (केली) व लीना लॅमॉन्ट (हेगन) यांना अचानक बोलपटात काम करावे लागते आणि पडद्यावरच्या या सौंदर्यवतीचा आवाज चिरका, कानाला टोचणारा निघतो, हा कथेचा मूळ पेच. त्यावर तोडगा म्हणून डॉनची प्रेयसी कॅथी (रेनल्ड्स) पडद्याआडून लीनाला आवाज देते आणि लीना ते लपवून ठेवू पाहते. ध्वनिमुद्रणाच्या प्रसंगात चित्रपटाचा विनोद सर्वांत कसदार आहे. मायक्रोफोन झुडपात दडवला, तर लीना मान वळवताच अर्धे शब्द गायब होतात. तो पोशाखात बसवला, तर तिच्या काळजाची धडधड ऐकू येते. आणि वाटेतली तार धोक्याची म्हणून स्टुडिओचे मालक ती ओढतात, तेव्हा तारेपाठोपाठ लीनाही उलटून पडते. पुढे चाचणी खेळात चित्र व ध्वनी यांची फारकत होऊन लीनाच्या ओठांवर पुरुषाचा आवाज येतो. हे सारे अतिशयोक्त असले तरी मनाने रचलेले नाही. सुरुवातीच्या बोलपटांत ध्वनिग्रहण खरोखरच अडचणीचे असे आणि कॅमेऱ्याची घरघर मुद्रित होऊ नये म्हणून त्याला बंद खोलीत कोंडत असत. तंत्राच्या इतिहासातून निघालेला असा विनोद हॉलिवुडच्या संगीतिकांमध्ये क्वचितच सापडतो.

शीर्षकगीताच्या नृत्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, पण त्याचा साधेपणा पाहण्याजोगा आहे. प्रेयसीला दारापर्यंत सोडून आलेला डॉन मोटार परत पाठवतो, छत्री मिटतो, दिव्याच्या खांबाला लटकतो, पन्हाळीखाली उभा राहतो आणि शेवटी शाळकरी पोरासारखा डबक्यात थयथय नाचतो. मग समोर पोलीस उभा ठाकतो आणि स्वारी ओशाळून चालू लागते; जाता जाता छत्री एका पादचाऱ्याला देऊन टाकते. कथेला इथे काहीच घडवायचे नसते, फक्त आनंद दाखवायचा असतो. चित्रणाच्या वेळी केली यांच्या अंगात ताप होता, हे पाहताना अजिबात कळत नाही.

याउलट उत्तरार्धातील ‘ब्रॉडवे मेलडी’ हे लांबलचक बॅले नृत्य म्हणजे चित्रपटाचा सर्वांत मोठा खोळंबा होय. सिड चॅरिस यांचे नृत्य व रंगयोजना देखणी आहे, पण कॅथी, तिचा आवाज आणि लीनाचे कारस्थान हे सगळे तोवर टांगणीला लागते. एमजीएमच्या आदल्या वर्षीच्या ‘अ‍ॅन अमेरिकन इन पॅरिस’मध्येही शेवटी असाच दीर्घ बॅले होता, तीच हौस इथेही फेडलेली दिसते. लेखकांना हे उमगले असावे. नृत्य संपताच स्टुडिओचे मालक म्हणतात की, हे काही डोळ्यांपुढे येत नाही, पडद्यावरच पाहावे लागेल.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. लीना खलनायिका ठरते ती मुख्यतः आवाज व उच्चार यांमुळे. वास्तविक आपला करार बारकाईने वाचून मालकांना कोंडीत पकडणारी या चित्रपटातली ती एकटीच आहे. तरी अखेरीस तिघे पुरुष मागे गाणाऱ्या कॅथीपुढचा पडदा ओढून भरल्या सभागृहासमोर तिचे हसे करतात आणि प्रेक्षकाने टाळ्या पिटाव्यात अशी अपेक्षा असते. हेगन यांचा अभिनय इतका तल्लख आहे की हा अन्याय झाकला जात नाही, उलट जास्त जाणवतो. त्यांना या भूमिकेसाठी ऑस्करचे नामांकन मिळाले, पुरस्कार मात्र मिळाला नाही.

पडद्याआड दुसऱ्याच्या आवाजावर मोठे होणे ही फसवणूक, असे चित्रपट बजावून सांगतो. पार्श्वगायिकेच्या नावाने तबकड्या विकत घेत आलेल्या भारतीय प्रेक्षकाला यात चोरी आवाज उसना घेण्यात नव्हे, तर नाव लपवण्यात आहे, हे चटकन कळते. चित्रपटाची गोम इथेच आहे. लीनासाठी कॅथी म्हणजे रेनल्ड्स संवाद म्हणतात त्या प्रसंगात प्रत्यक्षात ऐकू येतो तो हेगन यांचा स्वतःचा, चांगला भारदस्त आवाज. आणि ‘वुड यू’ या गाण्यात लीनाला आवाज देणाऱ्या कॅथीला गाण्याचा आवाज दिला आहे तो बेटी नॉइस या गायिकेने. श्रेयनामावलीत नॉइस यांचे नाव नाही.