भूतकाळात जागं होणारं यंत्र

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी एक यंत्र, म्हणजे क्लाउडमध्ये चालणारा एक संगणक, बॅकअपमधून पुन्हा उभं करतो. त्याचं मूळ रूप शेजारीच व्यवस्थित काम करत असतं, त्याला हात लावायचा नसतो. आदल्या रात्रीची प्रत घ्यायची, क्लाउडमध्ये बाहेरच्या जगाशी जोडणी नसलेला एक कोपरा तयार करायचा, तिथे त्या प्रतीतून नवं यंत्र चालू करायचं आणि पडद्याकडे लक्ष ठेवून बसायचं. त्यावर पोस्टग्रेस डेटाबेस असेल, तर लॉगच्या, म्हणजे पडद्यावर उमटणाऱ्या नोंदींच्या, सुरुवातीलाच एक ओळ येते. मराठीत सांगायचं तर, 'डेटाबेसचं काम मध्येच तुटलं होतं. शेवटचा चालू असल्याची नोंद रात्री 2 वाजून 4 मिनिटांची.' बाहेर सकाळचे अकरा वाजलेले असतात. यंत्राच्या लेखी मात्र अजून रात्रच असते.

बॅकअप म्हटलं की 'प्रत काढून ठेवणं' एवढंच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतं. मला वाटतं, या विषयाचा खरा अवघड आणि खरा सुंदर भाग प्रत परत आणण्यात आहे, आणि तो सगळा काळाशी निगडित आहे. प्रत नेमक्या कोणत्या क्षणाची? ती परत यायला किती वेळ लागणार? आणि मधल्या काळात जग पुढे गेलं, त्याचं काय?

आधी यंत्राबद्दल थोडं. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, हा सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक. एका भल्यामोठ्या खऱ्या सर्व्हरवर हायपरवायझर नावाचा कारभारी बसलेला असतो. तो प्रोसेसर, मेमरी, डिस्क यांची वाटणी करून अनेक व्हीएम चालवतो, आणि प्रत्येक व्हीएमला वाटतं की सगळं यंत्र आपलंच. कल्पना जुनी आहे. आयबीएमने 1972मध्येच व्हीएम/370 बाजारात आणलं होतं. अॅमेझॉनने 2006मध्ये ईसी2 ही सेवा सुरू केली आणि असं यंत्र तासाच्या भाड्याने कोणालाही मिळू लागलं. आपल्या कामाची गोष्ट ही, की अशा यंत्राची अख्खी डिस्क कारभाऱ्याच्या दृष्टीने केवळ ब्लॉकांची, म्हणजे ठरावीक आकाराच्या तुकड्यांची, एक लांबलचक रांग असते. रांगेची प्रत काढता आली, की यंत्राची प्रत निघाली.

पण यंत्र चालू असताना प्रत काढायची कशी? समजा 500 जीबीची डिस्क आहे आणि ती पूर्ण वाचायला दीड तास लागतो. सुरुवातीचे ब्लॉक तुम्ही नऊ वाजता वाचलेत, शेवटचे साडेदहाला. मधल्या काळात कोणी एका खात्यातून पाचशे रुपये काढून दुसऱ्यात टाकले. पहिलं खातं तुम्ही व्यवहाराआधी टिपलंत, दुसरं व्यवहारानंतर. प्रतीत पाचशे रुपये जास्तीचे आले, आणि अशी स्थिती प्रत्यक्षात एक क्षणभरही अस्तित्वात नव्हती.

यावरचा तोडगा म्हणजे स्नॅपशॉट. डिस्क 50 जीबीची असो की 5 टीबीची, स्नॅपशॉट जवळपास क्षणात होतो, कारण त्या क्षणी काहीच कॉपी होत नाही. यंत्रणा फक्त एक रेघ मारते. रेघेनंतर एखाद्या ब्लॉकवर नवं लिहायची वेळ आली, की जुना मजकूर सांभाळून ठेवला जातो, किंवा नवा मजकूरच दुसऱ्या जागी लिहिला जातो. त्यामुळे रेघेच्या क्षणाची डिस्क जशीच्या तशी दिसत राहते आणि ती सावकाश वाचून दुसरीकडे नेता येते. पुढच्या वेळी सगळं नेण्याचीही गरज नसते. दोन रेघांच्या मधे जे ब्लॉक बदलले तेवढेच न्यायचे. एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो: स्नॅपशॉट त्याच डिस्कवर पडून आहे तोवर त्याला बॅकअप म्हणू नये. डिस्क गेली की तोही गेला.

या रेघेमुळे मिळणारी प्रत म्हणजे यंत्राची वायर भिंतीतून अचानक उपटली तर डिस्कवर जे उरेल ते. अर्धवट लिहिलेल्या गोष्टी त्यात असणारच. तरी डेटाबेस त्यातून सावरतो, आणि त्याची युक्ती आपल्या जुन्या हिशेबनिसांना पाठ होती: आधी रोजकीर्द, मग खतावणी. डेटाबेस प्रत्येक बदल आधी एका लॉगमध्ये क्रमाने लिहितो आणि खात्याच्या मूळ पानावर तो नंतर सवडीने चढवतो. पुन्हा चालू होताना तो रोजकीर्द उघडतो, खतावणीत न चढलेल्या नोंदी चढवतो आणि अपुरे व्यवहार गृहीत धरत नाही. शनिवारी त्या ओळीनंतर पडद्यावर जे दिसतं ते हेच. पण रोजकीर्द एका डिस्कवर आणि खतावणी दुसऱ्या डिस्कवर असेल, आणि दोन्हींवरची रेघ काही सेकंदांच्या अंतराने मारलेली असेल, तर हा मेळ बसेलच असं नाही. म्हणून चांगल्या बॅकअप यंत्रणा एका यंत्राच्या सगळ्या डिस्कांवर एकाच क्षणी रेघ मारतात. शक्य असेल तर त्याआधी त्या यंत्राला क्षणभर लिहिणं थांबवायला सांगतात. लिनक्समध्ये फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींची मांडणी, गोठवण्याची आज्ञा आहे, विंडोजमध्ये त्यासाठी व्हीएसएस नावाची सोय आहे.

आता 31 जानेवारी 2017ची रात्र. गिटलॅब ही जगभरातल्या प्रोग्रामरांचे प्रकल्प सांभाळणारी सेवा तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या अॅझ्युअर क्लाउडवर चालत होती. डेटाबेसचे दोन सर्व्हर होते, एक मुख्य आणि एक त्याच्या मागोमाग चालणारा. त्या दिवशी भार वाढला आणि मागचा सर्व्हर फारच मागे पडला. त्याला नव्याने जुळवून घ्यायचं म्हणून त्याचं डेटाचं फोल्डर रिकामं करायचं ठरलं. दिवसभर राबलेल्या इंजिनिअरने पुसण्याची आज्ञा दिली, आणि ती मुख्य सर्व्हरच्या खिडकीत गेली. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, त्याने आज्ञा थांबवली. तोवर सुमारे 300 जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते.

मग बॅकअप शोधायला सुरुवात झाली. रोज एक प्रत अॅमेझॉनच्या साठवणीत जायला हवी होती. ती जागा रिकामी निघाली. डेटाबेस 9.6 आवृत्तीचा होता आणि प्रत काढणारं साधन 9.2चं चाललं होतं, त्यामुळे ते रोज चूक दाखवून थांबत होतं. चूक कळवणारे ईमेल जात होते, पण ते नियमांप्रमाणे प्रमाणित नसल्यामुळे पलीकडचा मेल सर्व्हर नाकारत होता. अॅझ्युअरच्या डिस्क स्नॅपशॉटची सोय डेटाबेस सर्व्हरसाठी चालूच केलेली नव्हती. मागचा सर्व्हर तर आधीच रिकामा होता. पाच व्यवस्थांपैकी एकही भरवशाने उपयोगी पडली नाही.

त्यांना तारलं एका योगायोगाने. सुमारे सहा तास आधी, 17:20 वाजता, त्याच इंजिनिअरने चाचणीच्या सर्व्हरवर ताजा डेटा हवा म्हणून हाताने एक स्नॅपशॉट घेतला होता. तो मिळाला म्हणून सहा तासांवर निभावलं. त्या सहा तासांतले सुमारे 5,000 प्रकल्प, 5,000 प्रतिक्रिया आणि 700 नवी खाती यांच्या नोंदी गेल्या. लोकांचा प्रत्यक्ष कोड वेगळ्या ठिकाणी होता, तो वाचला. मला या लोकांबद्दल मनापासून आदर वाटतो. त्यांनी दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं, हजारो लोकांनी ते पाहिलं, आणि नंतर चुकांचा तपशील काहीही न लपवता मांडला. हा लेख लिहिता येतो आहे तो त्यामुळेच.

स्नॅपशॉट मिळाला, तरी सेवा पूर्ववत व्हायला दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ उजाडली. इथे कोणीही घरी करून बघावं असं एक गणित आहे. चाचणी सर्व्हरच्या डिस्क संथ प्रकारच्या होत्या. डेटा सेकंदाला साधारण 60 मेगाबिट वेगाने येत होता. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणून 300 जीबी म्हणजे 24 लाख मेगाबिट. भागिले 60, म्हणजे 40,000 सेकंद, म्हणजे निव्वळ वाहतुकीचे अकरा तास. तोच वेग सेकंदाला एक गिगाबिट असता तर चाळीस मिनिटं पुरली असती. बॅकअपची जागा निवडताना आपण महिन्याचं भाडं बघतो, आणि तिथून माल परत किती वेगाने निघेल हे विचारायचं राहून जातं. माझ्या मते हा प्रश्न भाड्याच्या आधी विचारायला हवा.

क्लाउड कंपन्यांनी या प्रतीक्षेवर एक हुशार उपाय काढला आहे. अॅमेझॉनमध्ये स्नॅपशॉटमधून डिस्क बनवली, की ती काही क्षणांत वापरायला मिळते. प्रत्यक्षात ब्लॉक अजून दूरच्या साठवणीतच असतात. यंत्राने एखादा ब्लॉक पहिल्यांदा मागितला की तो तेव्हा आणला जातो. त्यामुळे यंत्र पाच मिनिटांत 'चालू' दिसतं आणि पुढचे कित्येक तास रांगत चालतं. अशा वेळी गिऱ्हाइकांना दार उघडण्याआधी डिस्कचा प्रत्येक ब्लॉक एकदा वाचून घेतात किंवा जास्त पैसे मोजून आधीच भरलेली डिस्क मागतात.

प्रत कोणाच्या हातात आहे, हाही प्रश्न आहेच. जून 2014मध्ये कोड स्पेसेस या कंपनीच्या क्लाउड खात्यात खंडणीखोर घुसला. यंत्रं आणि त्यांचे बहुतेक बॅकअप एकाच किल्लीने उघडत होते. त्याने दोन्ही पुसले आणि कंपनी बंद पडली. मे 2024मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचा गूगलवरचा खासगी क्लाउडच नाहीसा झाला. तो उभारताना गूगलच्या अंतर्गत साधनात एक रकाना कोरा राहिला होता, त्यामुळे मुदत एक वर्षाची धरली गेली आणि वर्ष संपताच यंत्रणेने सगळं आपोआप पुसलं. सहा लाखांहून जास्त सदस्यांना आठवडाभर खाती बघता आली नाहीत, पण फंड उभा राहिला, कारण बॅकअप त्या खासगी क्लाउडच्या बाहेर होते. बॅकअप कूटबद्ध असेल तर त्याची किल्लीही वेगळी जपावी लागते. किल्ली पुसली गेली, की प्रत शाबूत असूनही अर्थहीन ब्लॉकांचा ढीग उरतो.

एवढं सगळं जमलं, यंत्र जागं झालं. आता त्याला कळायला हवं की आपण झोपलो होतो. घड्याळ लावणं सोपं, नेटवर्कवरून ते काही क्षणांत जुळतं. क्रमांक मात्र फसवतात.

एखाद्या कचेरीची जावक नोंदवही डोळ्यांसमोर आणा. कारकुनाने 450 क्रमांकापर्यंत पत्रं पाठवली आहेत. रात्री वही जळाली, आणि जुन्या प्रतीवरून नवी केली, ज्यात शेवटचा क्रमांक 412 आहे. सकाळी कारकून निष्ठेने 413पासून पुढे लिहायला लागतो. पलीकडच्या कचेरीतले लोक बघतात, 413 तर आपल्याकडे आधीच आलं आहे. ते पत्र बाजूला पडतं. कोणी खोटं बोलत नाही, कोणाला चूकही दिसत नाही, आणि दोन कचेऱ्यांच्या दप्तरांत फरक वाढत जातो. विंडोजच्या अॅक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे संस्थेतल्या सगळ्यांची खाती आणि पासवर्ड सांभाळणाऱ्या सर्व्हरांमध्ये, नेमकं हेच घडायचं. तिथला एक सर्व्हर जुन्या स्नॅपशॉटवर नेला, की तो वापरलेले क्रमांक पुन्हा वापरायचा आणि बाकीचे सर्व्हर त्याचे बदल शांतपणे सोडून द्यायचे. विंडोज सर्व्हर 2012पासून यावर उपाय आला. हायपरवायझर यंत्राला एक 128 बिटांचा ओळखक्रमांक दाखवतो आणि यंत्र मागच्या क्षणावर नेलं की तो बदलतो. यंत्र जागं होताना तो बघतं, बदललेला दिसला की समजतं: मधे काही काळ गेला आहे, जुनी वही पुढे चालवायची नाही.

याच क्रमांकाचा दुसरा उपयोग त्याहून नाजूक आहे. मेमरीसकट घेतलेल्या स्नॅपशॉटमध्ये यादृच्छिक, म्हणजे अंदाज बांधता न येणाऱ्या, संख्या बनवणाऱ्या यंत्रणेची अवस्थाही गोठते. तोच स्नॅपशॉट दोनदा जागा केला, तर गुप्त म्हणून बनवलेली 'नवी' संख्या दोन्ही वेळा सारखीच निघू शकते. थॉमस रिस्टेनपार्ट आणि स्कॉट यिलेक या संशोधकांनी 2010मध्ये दाखवून दिलं की यातून वेब सर्व्हरची सही करण्याची गुप्त किल्लीसुद्धा काढता येते. लिनक्सच्या कर्नेलनेही, म्हणजे त्याच्या गाभ्यानेही, 2022मध्ये हा ओळखक्रमांक वाचायला सुरुवात केली. तो बदलला की यादृच्छिकतेचा साठा ताजा केला जातो.

गिटलॅबच्या लोकांसमोरही शेवटी जावक क्रमांकाचाच प्रश्न उभा राहिला. त्यांचा डेटाबेस 17:20 वाजता जागा होणार होता. त्यानंतरच्या सहा तासांत दिलेले क्रमांक त्याच्या आठवणीत नव्हते, पण जगात ते फिरत होते: कोणाच्या ईमेलमध्ये, कोणाच्या लिंकमध्ये, कोणाच्या टिपणात. तेच क्रमांक नव्या प्रकल्पांना दिले असते, तर एकाच्या लिंकवर दुसऱ्याचंच काही उघडलं असतं. दार उघडण्याआधी त्यांनी डेटाबेसमधला प्रत्येक चालू क्रमांक 1,00,000ने पुढे ढकलला. मधली पानं कोरी सोडून वही पुढे सुरू झाली.