पालकत्वाचा कागद म्हणजे दत्तक नव्हे

"दोघा भावंडांना घरी आणलं, पालकत्वाचा कागद झाला, म्हणजे ती वारस झाली." फोंड्याकडे हे अजून ठामपणे सांगतात. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात जपतात. पण पालकत्व मूल सज्ञान झालं की संपतं आणि जन्मदात्यांशी कायद्याचं नातं तसंच राहतं. दत्तकविधानात ते तुटून नवं जुळतं. 2022 पासून दत्तकाचा आदेश न्यायालय नव्हे, जिल्हाधिकारी देतात.

गोव्यात हा फरक बोचतो तो इन्व्हेंटरीच्या, म्हणजे मृताची मालमत्ता वारसांत वाटण्याच्या कोर्टातल्या प्रक्रियेच्या वेळी. इथल्या वारसा कायद्याने निम्मी मालमत्ता मुलांसाठी राखीव. दत्तक लेकीचा त्यात हक्क; नुसत्या सांभाळलेलीला त्या कागदावर काही नाही. मृत्युपत्र करा, तेही उरलेल्या निम्म्यातूनच.

आणि फोस्टर केअरमध्ये, म्हणजे मूल तात्पुरतं दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला दिलं की, भावंडांची ताटातूट ठरलेलीच? तेही नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 44 त्यांना शक्यतो एकत्रच ठेवायला सांगतं.