आवाजाचा ड्रायव्हर अख्खा कॉम्प्युटर का पाडतो?

गाणं किंवा व्हिडिओ कॉल चालू असताना कॉम्प्युटर अचानक गोठतो. माउस जागचा हलत नाही आणि स्पीकरमधून एकच तुकडा टर्रर्रर्र करत वाजत राहतो. मग निळा पडदा (2025 पासून नव्या विंडोज 11 मध्ये काळा) आणि आपोआप रीस्टार्ट. असं झालं की बहुतेक जण लगेच साउंड कार्डाला किंवा त्याच्या ड्रायव्हरला, म्हणजे ते चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला, दोष देतात. कधी तो बरोबर असतो, पण त्या टर्रर्रवरून ते ठरत नाही.

हा आवाज येतो कुठून ते पाहू. कॉम्प्युटरमधला आवाज म्हणजे सेकंदाला साधारण 48,000 आकडे, डाव्या-उजव्या कानाचे वेगवेगळे. प्रोसेसर ते एकेक करून पाठवत नाही. मेमरीचा एक छोटा पट्टा राखून ठेवलेला असतो. प्रोसेसर त्यात आकडे भरत जातो आणि साउंड चिप मागून वाचत जाते. शेवटाला पोचलं की दोघंही पुन्हा सुरुवातीला येतात. रहाटगाडग्यासारखं हे चक्र आहे. फरक इतकाच की इथली गाडगी ओतली तरी रिकामी होत नाहीत, वर नवं भरेपर्यंत जुनंच आत राहतं. चिप हे वाचन प्रोसेसरला न विचारता करते. त्यामुळे प्रोसेसर कोणत्याही कारणाने अडकला की भरणारा थांबतो आणि वाचणारी चिप तोच पट्टा फिरफिरून वाजवते. 10 मिलिसेकंदांचा तुकडा असेल तर सेकंदाला शंभर आवर्तनं, म्हणून ती घरघर. रॅम खराब असली किंवा ग्राफिक्स कार्ड अडकलं तरी हेच ऐकू येईल.

मग आवाजाच्या ड्रायव्हरवर संशय घ्यायचाच कशाला? कारण तो बसतो कुठे, त्यात आहे. ब्राउझर किंवा एक्सेल बिघडलं तर तेवढंच बंद पडतं, कारण त्यांना दुसऱ्याच्या मेमरीला हात लावता येत नाही. ड्रायव्हरचा बराचसा भाग मात्र ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चालतो. तिथे त्याला जवळजवळ सगळे अधिकार असतात. त्याने चुकीच्या जागी चार बाइट लिहिले, तर त्या जागी तुमच्या डिस्कच्या फाइलींचा हिशेबही असू शकतो. अशी गडबड लक्षात आली की विंडोज मुद्दाम सगळं थांबवते. निळा पडदा दिसायला कितीही भीतिदायक असला, तरी पुढचं नुकसान टाळण्यासाठीच तो येतो.

नेहमी भेटणारी एक चूक म्हणजे पडद्यावरचा ‘ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’ हा लांबलचक संदेश. त्यातलं आयआरक्यूएल म्हणजे कामाच्या तातडीची पातळी. चिपने ‘पुढचा माल द्या’ अशी हाक दिली की ड्रायव्हरचा एक छोटा भाग बाकी कामं बाजूला सारून धावतो. या तातडीच्या अवस्थेत त्याला वाट पाहायची मुभा नसते. पण त्याने हात घातलेली माहिती विंडोजने मेमरीतून डिस्कवर हलवलेली असेल, तर ती आणायला वाट पाहावीच लागते. इथे खेळ संपतो. विंडोजमध्ये आवाजाची ही देवघेव साधारण दर 10 मिलिसेकंदांनी, म्हणजे तासाला 3,60,000 वेळा होते. लाखात एकदा घडणारी चूकही त्यात दुपारपर्यंत गाठते. त्यातून मधेच ब्लूटूथ हेडफोन तुटला किंवा लॅपटॉप झोपेतून उठला, तर तेवढ्या क्षणांत ड्रायव्हरची आणखी परीक्षा.

2003 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी आपल्या निबंधात लिहिलं होतं, की विंडोज एक्सपीच्या नोंदल्या गेलेल्या बिघाडांपैकी 85 टक्के ड्रायव्हरमुळे होतात. त्या काळी वेगवेगळे आवाज एकत्र मिसळण्याचं कामही कर्नलमध्येच चालायचं. 2007 मध्ये ग्राहकांच्या हाती आलेल्या विंडोज व्हिस्टाने ते बाहेर काढलं. व्हिस्टाला लोकांनी यथेच्छ शिव्या घातल्या, पण हे काम तिने चांगलं केलं. तरी थेट चिपशी बोलणारा ड्रायव्हर आतच राहिला.

त्याचा हिसका 2021 मध्ये विंडोज 11 आल्यावर दिसला. इंटेलच्या अकराव्या पिढीच्या कोअर प्रोसेसरवर ‘स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजी’चा ड्रायव्हर 10.29.0.5152 किंवा 10.30.0.5152 या आवृत्तीचा असेल, तर विंडोज 11 वर निळा पडदा येत होता. मायक्रोसॉफ्टने अशा मशिनांचं अपग्रेडच रोखून धरलं. उपाय होता शेवटी 5714 किंवा त्यापुढचा आकडा असलेली आवृत्ती. इथे 10.30 हे 10.29 पेक्षा नवं समजून फसायचं नाही, पाहायचा तो शेवटचा आकडा. शिवाय हा ड्रायव्हर डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली मशिनच्या सगळ्या भागांची यादी) साउंडखाली नव्हे, तर ‘सिस्टिम डिव्हाइसेस’खाली सापडतो. लोक साउंडखाली शोधतात आणि सगळं ठीक आहे म्हणून परत येतात.

तुमच्या मशिनवर शंका असेल तर आधी पुरावा पाहा. पडद्यावर फाइलीचं नाव आलं तर फोटो काढून ठेवा. सी ड्राइव्हवर विंडोज फोल्डरमध्ये ‘मिनीडंप’ नावाचा फोल्डर असतो. त्यात बिघाडाच्या वेळची नोंद साठते. ती फाइल मायक्रोसॉफ्टच्या विनडीबीजी (WinDbg) या बिघाड तपासणाऱ्या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडली की कोणता ड्रायव्हर चालू होता ते समजतं. मात्र तिथे विंडोजचीच एखादी फाइल दिसली तर तिला दोषी धरू नका. बऱ्याचदा घाण दुसऱ्याने केलेली असते आणि पाय तिचा पडलेला असतो.

त्यानंतरची सोपी कसोटी म्हणजे डिव्हाइस मॅनेजरमधून साउंड डिव्हाइस दोन-चार दिवस डिसेबल करणं. तरीही मशिन पडतच राहिलं तर आवाजाचा नाद सोडून रॅम तपासा, त्यासाठी विंडोजमध्येच मेमरी डायग्नोस्टिक आहे. पडणं थांबलं, तर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ करून जुनी आवृत्ती आणा. ते बटण फिकं असेल तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या. ‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट’ म्हणणारी अ‍ॅप्स माझ्या मते मशिनमध्ये येऊच देऊ नयेत.

काहीच जमलं नाही तर मायक्रोसॉफ्टचा साधा ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ निवडून पाहता येतो. इक्वलायझर आणि गोंगाट गाळणारी सोय बहुधा जाईल, काही लॅपटॉपांवर आतला माइकही चालणार नाही. खराब ड्रायव्हर काढताना तो हटवण्याच्या चौकटीत टिक करायला विसरू नका, नाहीतर रीस्टार्टनंतर विंडोज तोच परत बसवते. टिक करूनही पुढे विंडोज अपडेटने तो आणला, तर अपडेट काही काळ थांबवून दुरुस्त आवृत्तीची वाट पाहावी लागते.