लोकप्रतिनिधींशी शासकीय कंत्राट करण्यावरील निर्बंध

विधिमंडळाच्या किंवा संसदेच्या सदस्याने शासनाशी कंत्राट करू नये आणि शासकीय अधिकाऱ्याने ते त्याला देऊ नये, असा हा निर्बंध आहे. ज्या खात्याच्या मंत्र्याला सभागृहात जाब विचारायचा, त्याच खात्याकडे सदस्याची देयके अडकलेली असू नयेत, हा त्यामागचा हेतू. ब्रिटनने १७८२ मध्ये कायदा करून कंत्राटदारांना कॉमन्स सभागृहाबाहेर ठेवले. अमेरिकेत १८०८ पासून असा कायदा असून तेथे काँग्रेस सदस्याबरोबरच त्याच्याशी करार करणारा संघराज्याचा अधिकारीही दंडास पात्र ठरतो. भारताच्या निवडणूक कायद्यात मात्र परिणाम सदस्यालाच, अपात्रतेच्या रूपाने, भोगावा लागतो.

या विषयावरील गाजलेला भारतीय खटला विदर्भातलाच आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडारा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आलेले चतुर्भुज जसानी ज्या पेढीचे भागीदार होते, ती लष्करी कॅन्टीनसाठी सरकारला बिड्या पुरवीत असे. नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती विवियन बोस यांनी १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लिहिला. करार राज्यघटनेने सांगितलेल्या रीतसर नमुन्यात झाला नव्हता, ही सबब त्यांनी मानली नाही. माल पोचला तरी पैसे चुकते होईपर्यंत करार जिवंत राहतो, असे ठरवून जसानींना अपात्र मानले.

पुढे कायदा बराच सैल झाला. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या मूळ तरतुदीतील ‘हिस्सा किंवा हितसंबंध’ हे व्यापक शब्द वगळले गेले. १९६६ मध्ये आलेल्या कलम ९-अ नुसार सदस्याने स्वतः, व्यापाराच्या ओघात, मालपुरवठ्याचे अथवा शासनाच्या बांधकामाचे कंत्राट केलेले असावे लागते आणि त्याने आपले काम पूर्ण केले असल्यास केवळ देयक थकल्याने अपात्रता येत नाही. म्हणजे नागपूरच्या हिवाळी अधिवेशनासाठी आमदार निवासाच्या डागडुजीचे काम आमदाराने स्वतःच्या नावावर घेतले, तर ते चालू असेपर्यंत तो अपात्र ठरतो. भावाने स्वतःसाठी घेतलेले तेच काम या कलमाच्या शब्दांत बसत नाही. आमदाराच्या अपात्रतेचा निर्णय राज्यपाल निवडणूक आयोगाच्या मतानुसार देतात.

नगरसेवकाला लागू असलेला नियम याहून कडक आहे, हे थोडे विचित्रच. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १० प्रमाणे पालिकेच्या कंत्राटात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, स्वतःचा किंवा आपल्या भागीदाराचा हितसंबंध असला तरी नगरसेवकपद जाते. पालिकेच्या जाहिराती छापणाऱ्या वृत्तपत्रातील हिस्सा अशा मोजक्या बाबींनाच त्यातून सूट आहे.