स्टीलचा बोल्ट, मॅग्नेशिअमचे आटे

मॅग्नेशिअमची घनता घन सेंटिमीटरला 1.74 ग्रॅम, स्टीलची 7.85. हे दोन आकडे शेजारी मांडले की गाडीतलं निम्मं स्टील उद्याच काढून टाकावंसं वाटतं. शंभर वर्षं हेच वाटत आलंय, आणि गाडी अजून स्टीलचीच आहे. का, ते पुढच्या रकान्यांत दिसतं.

आधी ताठपणा पाहू. यंग गुणांक, म्हणजे ताठपणाचं माप, मॅग्नेशिअमचा 45, ॲल्युमिनिअमचा 70 आणि स्टीलचा सुमारे 205 गिगापास्कल. प्रत्येकाला आपापल्या घनतेने भागा. तिघांचंही उत्तर 26 च्या आसपास येतं. म्हणजे नुसत्या ओढल्या जाणाऱ्या सळईत हलकेपणाचा काही लाभ नाही. लाभ आहे तो वाकणाऱ्या पत्र्यात किंवा झाकणात, कारण तिथे ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. 1 मिमी स्टीलइतका ताठ व्हायला मॅग्नेशिअमला 1.66 मिमी जाडी पुरते आणि वजन भरतं स्टीलच्या 37 टक्के. ताकदीत मात्र उडी तोकडी पडते. डाय-कास्टिंगमध्ये (वितळलेला धातू दाबाने साच्यात भरून ओतकाम) सर्रास वापरला जाणारा मॅग्नेशिअमचा मिश्रधातू एझेड91डी (9 टक्के ॲल्युमिनिअम, 1 टक्का जस्त) साधारण 150 मेगापास्कलच्या ताणाला कायमचा वाकू लागतो आणि 3 टक्क्यांच्या आसपास ताणून तुटतो. बांधकामातलं साधं स्टील 250 मेगापास्कलचं असून 20 टक्क्यांहून जास्त ताणतं. म्हणून गिअरबॉक्सचं घर मॅग्नेशिअमचं होऊ शकतं, आतला गिअर नाही.

इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने मॅग्नेशिअम 1808 साली वेगळं केलं. व्यापारी उत्पादन 1886 मध्ये जर्मनीत सुरू झालं आणि 1909 साली ‘एलेक्ट्रॉन’ नावाने त्याचा मिश्रधातू फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात मांडला गेला. त्यानंतर कितीतरी वर्षं एकच तक्रार होती, गंज. दोष धातूचा कमी आणि त्यातल्या मळाचा जास्त, हे अमेरिकेतल्या डाऊ या रसायन कंपनीत हनावाल्ट आणि सहकाऱ्यांनी 1942 मध्ये दाखवून दिलं. शुद्ध मॅग्नेशिअममध्ये लोह 0.017 टक्क्यांच्या पुढे गेलं की खाऱ्या पाण्यात गंजण्याचा वेग एकदम चढतो. निकेल तर त्याच्या कितीतरी आधी घात करतं. गंमत अशी की मॅग्नेशिअम वितळवतात ते स्टीलच्याच मुशीत, कारण त्यात लोह फारसं विरघळत नाही. पण ‘फारसं नाही’ हेसुद्धा इथे पुष्कळ होतं. उपाय मँगनीजचा: ते लोहाला धरून तळाशी बसतं. एझेड91डी मध्ये लोह मँगनीजच्या 0.032 पटीच्या आत ठेवतात. निकेल असलेलं स्टेनलेस स्टील मुशीला वापरत नाहीत, ते याचसाठी. इतकं सांभाळलं की मिठाच्या फवाऱ्याच्या चाचणीत हा मिश्रधातू उघड्या साध्या स्टीलपेक्षा सरस ठरतो.

आगीची भीती थोडी खरी, थोडी शाळेतल्या मॅग्नेशिअमच्या फितीने मनात घातलेली. जाड ठोकळा सहज पेटत नाही; उष्णता आत पसरून जाते. पेटतो तो लेथवरचा बारीक कीस आणि धूळ, तेही बहुधा बोथट टूल घासत राहिल्यामुळे. त्यावर पाणी मारू नये: हायड्रोजन सुटतो आणि भडका वाढतो. 1955 च्या ल माँ शर्यतीत एलेक्ट्रॉनची बॉडी असलेली मर्सिडीज पेटली तेव्हा पाण्याने नेमकं हेच केलं. कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीसाठीची भुकटी वापरायची. वाळू ओली असेल तर तीही नको.

खरा पेच उष्णतेचा, आणि तो बोल्टपाशी दिसतो. फोक्सवॅगन बीटलचं इंजिनाचं घर आणि गिअरबॉक्सचं घर मॅग्नेशिअमचं होतं, मिळून सुमारे 20 किलो. त्यात आवळलेलं स्टील तापल्यावर प्रति अंश दहा लाखांत 12 भाग वाढतं, मॅग्नेशिअम 26. मॅग्नेशिअमची 100 मिमी जाडी 100 अंशांनी तापली तर 0.14 मिमीची तफावत पडते. बोल्ट ती वाढू देत नाही, त्यामुळे त्याच्या डोक्याखालचं आणि आट्यांतलं मॅग्नेशिअम दाबलं जातं. सुमारे 120 अंशांच्या पुढे ॲल्युमिनिअमयुक्त मिश्रधातू अशा दाबाखाली हळूहळू सरकतो. इंजिन थंड झालं की आवळ सैल. पुन्हा आवळला की पुन्हा तेच, आणि शेवटी आटेच उपटून येतात. बीटलच्या मेकॅनिकला हे ओळखीचं दुखणं. तो भोक मोठं करून स्टीलची आटेदार बुशी बसवतो. कंपनीनेही 1970 च्या दशकात सिलिकॉन घातलेला, उष्णतेत कमी सरकणारा एएस41 हा मिश्रधातू वापरला. पुढे पाण्याने थंड होणारी इंजिनं आली आणि हा वापर ओसरला.

त्यातच ओल आली की स्टीलचा बोल्ट आणि मॅग्नेशिअम मिळून बॅटरी होते. झिजतं ते मॅग्नेशिअम, तेही बोल्टच्या कडेलाच. म्हणून मध्ये ॲल्युमिनिअमचा रुंद वायसर घालतात आणि पाणी साचणारा खड्डा ठेवत नाहीत. बीएमडब्ल्यूने 2004 च्या एन52 इंजिनात स्टीलच टाळलं. आत ॲल्युमिनिअमचा गाभा, बाहेर स्ट्राँशिअमयुक्त मॅग्नेशिअमचं कवच, आणि बोल्ट ॲल्युमिनिअमचे. ते आधी ठरलेल्या टॉर्कपर्यंत (पिळण्याच्या जोरापर्यंत) आणि मग आणखी ठरलेल्या कोनातून फिरवून आवळायचे असतात. त्यात ते ताणले जातात, म्हणून एकदा काढलेला बोल्ट टाकून नवाच घालायचा.