बालसाहित्य महोत्सव (विद्यापीठीय)

मुलांसाठी लिहिणारे लेखक, चित्रकार, ग्रंथपाल आणि शिक्षक यांना विद्यापीठाच्या आवारात एकत्र आणणारा वार्षिक उपक्रम. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातील हॅटिसबर्ग येथे, सदर्न मिसिसिपी विद्यापीठात, असा महोत्सव १९६८ पासून भरतो.

त्याची मुळे एका संग्रहात आहेत. तेथे ग्रंथालयशास्त्र शिकवणाऱ्या लीना डी ग्रुमंड यांनी लेखकांना आणि चित्रकारांना पत्रे लिहून हस्तलिखिते, खाडाखोडीचे खर्डे आणि मूळ चित्रे मागितली. पुस्तक छापून झाले की हा ऐवज बहुधा रद्दीत जाई. तो टपालाने येत गेला आणि १९६६ मध्ये संग्रह उभा राहिला. महोत्सव त्यानंतरचा, आणि हा क्रमच या उपक्रमाचे खरे बळ आहे: पाहुणे परतले तरी अभ्यासाची सामग्री जागेवर राहते. महोत्सवात दिले जाणारे पदक एखाद्या पुस्तकासाठी नसून एकूण कार्यासाठी असते. पहिले पदक १९६९ मध्ये लेखिका-चित्रकार लोइस लेन्स्की यांना मिळाले. १९८० चे मानकरी, लेखक-चित्रकार एझ्रा जॅक कीट्स यांची कागदपत्रेही याच संग्रहात आहेत.

मराठीत बालकुमार साहित्य संमेलने प्रामुख्याने साहित्यसंस्थांनी भरवली. हॅटिसबर्गला मुख्यतः शिक्षक आणि ग्रंथपाल जमतात. आपल्याकडे मुले स्वतः मंचावर येऊन कविता वाचतात, कथाकथन करतात. ही जमेची बाजू मोठी आहे. नाशिकला ३ ते ५ डिसेंबर २०२१ रोजी झालेल्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाला जोडून बालकुमार मेळावा भरला होता. संमेलनाध्यक्ष होते विज्ञानकथाकार जयंत नारळीकर.

विद्यापीठीय महोत्सवासाठी लागणारी पूर्वतयारी नाशिकमध्ये बरीच आहे. १८४० मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय, म्हणजे नाशिककरांचे ‘सावाना’, येथे आहे. १९८९ पासूनचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ ग्रंथालयशास्त्राचे अभ्यासक्रम चालवते. कुसुमाग्रजांच्या आरंभीच्या कविता ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात आल्या होत्या, हेही येथे आठवावे. बालमासिकांचे जुने अंक, चित्रकारांची मूळ चित्रे आणि लेखकांचे खर्डे घरोघरच्या माळ्यांवर वाळवीच्या तोंडी जाण्याआधी मिळवणे, हे काम मात्र महोत्सवाची तारीख ठरवण्याआधी व्हायला हवे.